चार गोरिला, चार देश आणि 'मूळ देश' नावाची अडचण

जानेवारी २००२ मध्ये मलेशियातल्या तायपिंग प्राणिसंग्रहालयात गोरिलाची चार पिल्लं येऊन पोचली. तीन माद्या, एक नर. नायजेरियातून निघून जोहान्सबर्गमार्गे त्यांचा विमानप्रवास झाला होता. सोबत परवाने होते, त्यांवर शिक्के आणि सह्या होत्या. ही पिल्लं पुढे मलेशियातून दक्षिण आफ्रिकेला गेली आणि नोव्हेंबर २००७ च्या अखेरीस तिथून कॅमेरूनला. वन्यजीव संरक्षणाच्या इतिहासात त्यांना 'तायपिंग फोर' म्हणतात.

ही हकिगत बहुतेक वेळा यशोगाथा म्हणून सांगितली जाते. तस्करी झाली, कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, सरकारं एकत्र आली, प्राणी घरी गेले. यातलं काही खोटं नाही. पण इतिहास वाचताना शेवट माहीत असला की मधला काळ आपण पटकन ओलांडून जातो, आणि इथे तर सगळा इतिहास त्या मधल्या काळातच आहे. व्यवहाराबद्दल शंका २००२ मध्येच उघडपणे घेतल्या गेल्या होत्या. मग पिल्लं परत जायला २००७ का उजाडलं?

माझ्या मते याचं उत्तर लाचखोरी किंवा सरकारी दिरंगाई एवढ्यावर संपत नाही. प्राण्याचा 'मूळ देश' कोणता, हे ठरवायची नीट रीत करारात नव्हती. कागद एक देश सांगत होता, जीवशास्त्र दुसरीकडे बोट दाखवत होतं. या लेखात मला हाच गुंता उलगडून दाखवायचा आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्यातून पुराव्याबद्दल बरंच शिकता येतं.

आधी करार समजून घेऊ

वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचं नियमन करणारा मुख्य करार म्हणजे साइटीस. त्यावर ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या आणि तो १ जुलै १९७५ पासून लागू झाला. भारत त्यात १९७६ मध्ये आला. आपल्या गोष्टीतले चारही देश २००२ च्या कितीतरी आधीपासून या कराराचे सदस्य होते. म्हणजे नियम कुणाला माहीतच नव्हता, असं म्हणायला जागा नाही.

करारात प्रजातींची तीन परिशिष्टं आहेत. गोरिला परिशिष्ट १ मध्ये येतो, म्हणजे सर्वांत कडक बंधनाखाली. अशा प्राण्यासाठी निर्यात करणाऱ्या आणि आयात करणाऱ्या, दोन्ही देशांचे परवाने लागतात, आणि आयातीचा हेतू मुख्यतः व्यापारी असता कामा नये.

पण एक सवलत आहे. व्यापारासाठी बंदिस्त अवस्थेत पैदास केलेला परिशिष्ट १ मधला प्राणी करारातल्या कलम ७ नुसार परिशिष्ट २ मधला असल्यासारखा धरला जातो. बिगरव्यापारी पैदाशीसाठी तर नुसतं प्रमाणपत्रही चालतं. त्यामागचा तर्क सरळ आहे: प्राणी पिंजऱ्यातच जन्मला असेल तर त्याच्यासाठी जंगलातून काही कमी झालेलं नाही. परवान्यावर हे एका अक्षराने लिहितात. जंगलातून पकडलेल्यासाठी 'डब्ल्यू', बंदिस्त पैदाशीसाठी 'सी'.

हे अक्षर किती मोलाचं आहे बघा. गोरिलाचं पिल्लू जंगलातून जिवंत मिळवायचं तर आईला आणि बऱ्याचदा कळपातल्या इतर मोठ्यांनाही मारावं लागतं, कारण ते पिल्लू सोडत नाहीत. एका पिल्लामागे जंगलात किती मृत्यू झाले ते परवान्यावर कुठेच येत नाही. 'डब्ल्यू'च्या जागी 'सी' लिहिलं की ते मृत्यू नोंदीतून पुसले जातात. म्हणजे कागद नुसता खोटा ठरत नाही, एक गुन्हा घडलाच नव्हता असा तो पुरावा तयार करतो.

कागद आणि प्राणी समोरासमोर

तायपिंगच्या पिल्लांच्या कागदांवर त्यांचा जन्म नायजेरियातल्या इबादान विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात झाल्याचा दावा होता. इंटरनॅशनल प्रायमेट प्रोटेक्शन लीग या संघटनेने हा दावा जाहीरपणे खोडून काढला. ही संघटना शर्ली मॅकग्रील यांनी १९७३ मध्ये सुरू केली होती. भारताने १९७८ मध्ये ऱ्हीसस माकडांची निर्यात थांबवली त्या वेळच्या मोहिमेतही मॅकग्रील होत्या, त्यामुळे आपल्याकडच्या प्रयोगशाळांच्या इतिहासात रस असणाऱ्यांना हे नाव कदाचित ओळखीचं असेल.

संघटनेचा मुद्दा अगदी साधा होता. इबादानमध्ये त्या काळात एकच गोरिला होती, आणि तीही वयस्कर मादी. नर नव्हताच.

इथे थोडा हिशेब करू. गोरिलाचा गर्भकाळ सुमारे साडेआठ महिन्यांचा असतो. पिल्लू तीन-चार वर्षं आईचं दूध पितं. त्यामुळे दोन जगलेल्या पिल्लांमध्ये साधारण चार वर्षांचं अंतर पडतं. एकाच मादीची चार पिल्लं असतील तर थोरल्या आणि धाकट्यात बारा वर्षांच्या आसपास फरक हवा. तायपिंगला आलेली चारही पिल्लं लहान होती. म्हणजे नराचा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवला तरी हा हिशेब जुळत नाही.

हा पुरावा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला प्रयोगशाळा लागत नाही. परवाना देणाऱ्या आणि तो स्वीकारणाऱ्या कार्यालयात कुणीही पाच मिनिटं विचार केला असता तरी शंका आली असती. परवाना तपासणारा माणूस बहुतेक वेळा कागद कागदाशी ताडून बघतो: क्रमांक जुळतो का, शिक्का बरोबर आहे का, मुदत संपलीय का. कागदातला मजकूर प्राण्याशी जुळतो का, हा प्रश्न त्या तपासणीत येतच नाही. अभिलेखागारात बसल्यावर आपल्यालाही हीच सवय लागते. एक कागद दुसऱ्या कागदाने पक्का झाला की आपलं समाधान होतं.

उपप्रजातीने काय सिद्ध झालं, काय नाही

आता दुसरा पुरावा. ही पिल्लं पश्चिमी सखल प्रदेशातल्या गोरिला उपप्रजातीची होती. नायजेरियात जंगली गोरिला आहेत, पण ते क्रॉस रिव्हर गोरिला. कॅमेरूनच्या सीमेलगतच्या डोंगराळ पट्ट्यात त्यांची उरलीसुरली संख्या तीनशेच्याही खाली आहे.

यात विज्ञानाच्या इतिहासाचा एक धागा आहे. क्रॉस रिव्हर गोरिलाचं वर्णन जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पॉल मात्शी यांनी १९०४ मध्ये केलं होतं. नंतर कित्येक दशकं त्याला पश्चिमी गोरिलातच गणलं गेलं. एस्तेबान सार्मिएंतो आणि जॉन ओट्स यांनी कवट्या आणि दातांच्या अभ्यासावरून ही वेगळी उपप्रजाती असल्याचं पुन्हा मांडलं ते २००० मध्ये, म्हणजे पिल्लं तायपिंगला पोचण्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी. वर्गीकरणाचा तो वाद मिटला नसता तर 'नायजेरियातला जंगली गोरिला वेगळा' हा मुद्दा इतक्या ठामपणे मांडता आला नसता. संग्रहालयातल्या कवट्या मोजण्याचं काम कुणाला निरुपयोगी वाटत असेल, तर हे उदाहरण जरूर सांगा.

पण या पुराव्याची मर्यादाही बघू. पश्चिमी सखल प्रदेशातला गोरिला कॅमेरूनमध्ये आहे तसा गॅबन, काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, विषुववृत्तीय गिनी आणि अंगोलाच्या काबिंडा भागातही आहे. म्हणजे उपप्रजाती कळल्यावर 'नायजेरियाच्या जंगलातले नाहीत' हे ठरतं, पण 'कॅमेरूनचेच आहेत' हे ठरत नाही. नाकारणारा पुरावा आणि ठरवणारा पुरावा यांत फरक असतो. प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात हा फरक हमखास निसटतो: एक शक्यता बाद झाली की उरलेल्यांतली आपल्या आवडीची शक्यता आपण सिद्ध झाली असं धरून चालतो.

पाठवायचं कुठे?

मलेशियाने पिल्लं काढून घ्यायचं ठरवलं. त्यानंतर खरी अडचण सुरू झाली.

जप्त केलेल्या जिवंत प्राण्याचं काय करायचं, हे साइटीसच्या कलम ८ मध्ये आहे. जप्त करणाऱ्या देशाच्या व्यवस्थापन प्राधिकरणाने निर्यातदार देशाशी सल्लामसलत करावी. मग प्राणी त्या देशाच्या खर्चाने त्या देशाला परत द्यावा, किंवा बचाव केंद्रात वा कराराच्या उद्देशाशी सुसंगत अशा दुसऱ्या योग्य ठिकाणी पाठवावा.

शब्द नीट वाचा: 'निर्यातदार देश'. तायपिंगच्या बाबतीत निर्यातदार देश नायजेरिया. म्हणजे ज्या देशातून खोटे कागद निघाले, सल्ला त्याच्याशी करायचा. ज्या देशाच्या जंगलातून प्राणी गेला असण्याची सर्वाधिक शक्यता, तो कॅमेरून या वाक्यात कुठेच नाही. १९७३ मध्ये मसुदा लिहिणाऱ्यांनी निर्यातदार देश म्हणजेच जंगलाचा देश असं गृहीत धरलं असावं. तस्करीत या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या केल्या जातात. सीमा ओलांडून शेजारच्या देशात नेलं की प्राण्याला नवा जन्मदाखला मिळतो.

जप्त प्राण्यांच्या विल्हेवाटीबद्दल १९९७ च्या परिषदेत एक वेगळा ठरावही झाला होता. त्यात तीन पर्याय आहेत: बंदिस्त ठेवणं, जंगलात सोडणं, किंवा वेदनारहित मरण देणं. कोणता पर्याय कधी, यासाठी पायरीपायरीने जाणारा निर्णयवृक्षही दिला आहे. पण दोन देश एकाच प्राण्यावर हक्क सांगत असतील, किंवा एकाचा हक्क कागदावर आणि दुसऱ्याचा जंगलावर आधारलेला असेल, तर हा वृक्ष फारसा कामाला येत नाही.

अशा वेळी कलमातला 'दुसरं योग्य ठिकाण' हा मोकळा भाग उपयोगी पडतो. मलेशियाने तोच धरला आणि एप्रिल २००४ मध्ये पिल्लांना दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात पाठवलं. तिथे सोय चांगली होती, डॉक्टर होते, अनुभव होता. कायद्याच्या भाषेत यात काही गैर नव्हतं.

टीका मात्र झाली. दक्षिण आफ्रिकेत जंगली गोरिला कधीच नव्हते. शिवाय एका प्राणिसंग्रहालयातून जप्त केलेले तस्करीचे प्राणी दुसऱ्या प्राणिसंग्रहालयाला मिळाले, तर बाजाराला काय संदेश जातो? खोट्या कागदांनी आलेला प्राणी शेवटी कुणाच्या तरी पिंजऱ्याची शोभा वाढवणारच असेल, तर जप्ती म्हणजे नुसता पत्ता बदलणं ठरतं.

कॅमेरूनची बाजू

कॅमेरूनने पिल्लांची मागणी लावून धरली. त्या मागणीला वजन आलं ते नुसत्या सार्वभौमत्वाच्या भाषेमुळे नाही. लिंबे या किनाऱ्यावरच्या गावात १९९३ पासून एक वन्यजीव केंद्र चालू होतं. जुन्या प्राणिसंग्रहालयाच्या जागी कॅमेरून सरकार आणि पँड्रिलस ही संस्था यांनी मिळून ते उभारलं होतं. पँड्रिलसचं काम १९८८ मध्ये नायजेरियात सुरू झालेलं, म्हणजे ही संस्था सीमेच्या दोन्ही बाजूंना होती. लिंबेत आधीपासून अनाथ गोरिला आणि चिंपांझी सांभाळले जात होते.

'आमचे प्राणी परत द्या' या वाक्याला 'द्या, ठेवायला जागा आणि माणसं आहेत' अशी जोड मिळाली. परतपाठवणीच्या इतिहासात ही गोष्ट वारंवार दिसते. हक्क सांगणाऱ्या देशाकडे सांभाळायची सोय नसेल, तर 'तिथे पाठवून प्राण्याचं भलं होणार नाही' असं म्हणणं सोपं जातं, आणि मूर्ती किंवा कलावस्तू परत मागतानाही जवळजवळ हाच युक्तिवाद ऐकावा लागतो.

सप्टेंबर २००५ मध्ये किन्शासा इथे महाकाय वानरांच्या रक्षणाचा जाहीरनामा झाला. त्यात वानर असलेले देश आणि मदत करणारे देश एकत्र आले होते. त्याच वर्षी साइटीसने नायजेरियाशी व्यापार थांबवण्याची शिफारस सदस्य देशांना केली. त्यामागे कायदे आणि अंमलबजावणीच्या अनेक तक्रारी होत्या. त्याआधी नायजेरियात या प्रकरणाची सरकारी चौकशीही झाली होती. निर्यातदार देशाच्याच कागदांवरचा विश्वास इतका खालावल्यावर कलम ८ मधल्या त्या शब्दाला चिकटून राहणं अवघड झालं.

अखेर मलेशिया, दक्षिण आफ्रिका आणि कॅमेरून यांचं एकमत झालं. आंतरराष्ट्रीय प्राणीकल्याण संस्थांनी प्रवासाला मदत केली. ३० नोव्हेंबर २००७ रोजी चारही गोरिला नैरोबीमार्गे कॅमेरूनमधल्या दुआला विमानतळावर उतरले आणि तिथून लिंबेला गेले.

कॅमेरूनचा हक्क शेवटी कुठल्या एका निर्णायक चाचणीने ठरला नाही. नायजेरियाचा दावा जीवशास्त्राने मोडला, आणि कॅमेरूनचा दावा भूगोल, सांभाळायची तयारी आणि बाकीच्या देशांची संमती यांवर उभा राहिला. सहकार्य म्हणतात ते इथे असं दिसतं. पुरावा जिथे संपला, तिथून पुढचं अंतर देशांनी वाटाघाटीने पार केलं.

सुखान्त म्हणावा का?

गोरिला मादी साधारण सात-आठ वर्षांची झाली की वयात येते. जवळपास सहा वर्षं कागद फिरत राहिले, त्यात या चौघांचं सगळं बालपण गेलं. कळपात कसं वागायचं, काय खायचं, कुणाला घाबरायचं हे पिल्लू याच काळात आईकडून शिकतं. लिंबेत त्यांना मोठी जागा आणि सोबत मिळाली, पण ते जंगलात परत गेले नाहीत. 'परत गेले' म्हणताना नेमकं कुठे, हे विचारायला हवं: देशात गेले, जंगलात नाही.

पुढचं उदाहरण जास्त अस्वस्थ करतं. २००९ ते २०११ या काळात पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाच्या परवान्यांवर शंभराहून अधिक चिंपांझी चीनला गेले. परवान्यांवर पुन्हा तेच 'सी'. गिनीत चिंपांझींची पैदास करणारं केंद्रच नव्हतं. साइटीसने २०१३ मध्ये गिनीशी व्यापार थांबवण्याची शिफारस केली, पण तायपिंगसारखी परतपाठवणी तिथे घडली नाही. म्हणजे तायपिंगने नवा पायंडा पाडला असं म्हणणं घाईचं होईल. संबंधित देश राजी झाले म्हणून ते प्रकरण सुटलं, आणि नियम होता तसाच राहिला.

आपल्यासाठी यात काय आहे?

मुंबई, चेन्नईच्या विमानतळांवर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात वन्यजीव सापडल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. असे प्राणी अनेकदा ज्या विमानाने आले त्याच्या देशात परत पाठवले जातात. बातमीत 'मूळ देशात रवानगी' असं छापून येतं. पण जावा बेटावरचा एखादा गिबन बँकॉकमार्गे मुंबईत आला आणि पुन्हा बँकॉकला गेला, तर तो मूळ देशात गेला का? कागदाच्या हिशेबाने हो, जंगलाच्या हिशेबाने नाही. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने साइटीसच्या तरतुदी आल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू झाल्या. त्यानंतर हा शब्द कसा वापरला जातो, यावर मराठीतून किंवा इंग्रजीतून कुणी नीट काम केलं तर ते हवंच आहे.

या विषयाकडे वळायचं असेल तर तीन गोष्टी सुचवेन. साइटीसचा व्यापार विदासंच सगळ्यांसाठी खुला आहे. त्यातल्या नोंदी निर्यातदार आणि आयातदार देश वेगवेगळ्या कळवतात, त्यामुळे दोन्ही स्तंभ शेजारी ठेवून कुठे जुळत नाहीत ते आधी बघा. दुसरं, 'सी' असलेली नोंद दिसली की त्या प्रजातीचा गर्भकाळ, दोन पिल्लांमधलं अंतर आणि त्या देशातल्या पैदास केंद्राची क्षमता शोधा आणि कागदावरचा आकडा शक्य तरी आहे का ते ताडून पाहा. हे काम विज्ञानाकडून इतिहासाकडे आलेल्यांना सहज जमतं. तिसरं, जप्तीच्या बातमीवर थांबू नका. त्यानंतर प्राणी कुठे गेला, कुणाच्या खर्चाने, कुणाच्या सल्ल्याने, हे शोधायला माहितीचा अधिकार, न्यायालयीन आदेश आणि प्राणिसंग्रहालयांचे वार्षिक अहवाल उपयोगी पडतात. जप्तीच्या तारखा सहज मिळतात, पण जप्तीनंतरच्या वर्षांची नोंद फार कमी जणांनी केली आहे.